ग्रुपला मी कुलूप लावलं

दोन हजार बावीस साल. मला चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती. त्या वयात मी माझ्या सगळ्यात जुन्या जोडीदाराच्या तोंडावर पितळी तांब्या मारला आणि त्यानं माझं डोकं माझ्याच दाराच्या चौकटीवर आपटलं. त्याचा एक दात पडला, माझे दोन. गल्लीतल्या लोकांना वाटलं, जमिनीचं भांडण असेल. भांडण मोबाईलवरच्या एका ग्रुपचं होतं, तो बंद ठेवायचा की उघडायचा याचं. कळल्यावर लोक हसले. मग पुढचं कळलं तेव्हा हसायचे थांबले.

मी चौथीपर्यंत शिकलो. चौदाव्या वर्षी कापसाच्या जिनात लागलो आणि अठ्ठाविसाव्या वर्षी प्रेसच्या टोळीचा मुकादम झालो. सरकी काढलेली रुई दाबून तिची गाठ बांधतात, ते प्रेसचं काम. माझ्या टोळीत माझा शब्द चालायचा आणि माझा हात चालायचा. शब्दापेक्षा हात जास्त. उशिरा आला, दिली कानाखाली. गाठीची पट्टी सैल बांधली, घातली लाथ. त्या कामात हात उचलल्याशिवाय भागत नाही असं मी तेव्हा मानायचो. आजही अर्धं मानतो. खोटं कशाला लिहू.

जिन बंद पडला. त्या जागेवर आता लग्नाचा हॉल आहे. आमची माणसं पांगली, कोणी इथंच बुऱ्हाणपुरात, कोणी चांदनीला, कोणी नेपानगरला पोरांकडे. तरी बुधवारा मोहल्ल्यातल्या माझ्या ओट्यावर बैठक असायची. कोण गेलं, कोणाचा दहावा कधी, पेन्शनसाठी हयातीचा दाखला कुठं द्यायचा, सगळं तिथं कळायचं. मग तो आजाराचा काळ आला, ओटा ओस पडला, आणि माझ्या सुनेनं माझ्या मोबाईलवर प्रेसवाल्यांचा ग्रुप काढून दिला. जे मेले होते त्यांच्या पोरांना, बायकांनाही घेतलं. साठ-सत्तर नंबर झाले.

सून बारावी शिकलेली. ती म्हणाली, बाबा, ॲडमिन दोन-तीन ठेवा, एकट्याच्या हातात नको. मी म्हणालो, एका प्रेसला एकच मुकादम असतो. ती गप्प बसली. आमच्या घरात मी आवाज चढवला की गप्प बसायची रीत आहे.

तर ग्रुपवर माझं राज्य होतं. एक जण रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवायचा, त्याला काढला. एकानं निवडणुकीचं टाकलं, काढला. माझ्या सख्ख्या मेहुण्याला तीनदा काढलं आणि तीनदा तो माझ्या बायकोची शिफारस लावून परत आला. लोक म्हणायचे, मुकादमानं प्रेस सोडला पण सवय नाही सोडली. मला ते आवडायचं. बोट लावलं की माणूस बाहेर. हात दुखत नाही, पंजा सुजत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात एकाच्या घरी जुनी पेटी साफ करताना फोटो निघाला आणि त्यानं तो ग्रुपवर टाकला. दसऱ्याच्या मशीनपूजेचा फोटो. प्रेसला झेंडूच्या माळा, पुढे आमची टोळी ओळीनं उभी, मी मधोमध छाती काढून. आणि मागे प्रेसच्या डब्यात उभा राहून, डब्याच्या काठावर दोन्ही हात टेकून, हसणारा एक माणूस. तो आमचा रुई तुडवणारा.

कोणीतरी विचारलं, हसतोय तो कोण. माझ्या जोडीदारानं त्याचं नाव सांगितलं. हा जोडीदार म्हणजे माझ्या टोळीतला डबा फिरवणारा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आता लोहारमंडीकडे पोराजवळ राहतो. त्यानं नाव सांगितलं आणि नेपानगरच्या एकानं लगेच लिहिलं, हाच तो, पिऊन डब्यावर चढला आणि जीव घालवून बसला. हा लिहिणारा माझ्या टोळीतल्या एका मेलेल्या गड्याचा पोरगा. दोघा-तिघांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकली. एकानं दारूनं किती घरं बुडाली ते लिहिलं.

कोणाच्या ध्यानात नव्हतं की त्या तुडवणाऱ्याची मुलगी ग्रुपमध्ये आहे. तिच्या आईचा नंबर होता, आई गेल्यावर तो ती वापरायची. चांदनीला अंगणवाडीत काम करते. तिनं लिहिलं, आणि सुनेनं मला ते वाचून दाखवलं:

"माझे वडील पीत नव्हते असं आई मरेपर्यंत सांगत होती. त्या दिवशी ते प्यायले होते हे कोणी डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी आपलं नाव सांगावं."

मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला.

सून हळूच म्हणाली, बाबा, हिच्या पोरीचं नेपानगरला जमतंय, आठ दिवसांवर साखरपुडा आहे. आणि तो जो लिहितोय, तो नवऱ्या मुलाचा काका आहे.

म्हणजे असं होतं ते. आज्याची दारू नातीच्या लग्नात निघाली होती. आमच्यात दारुड्याचं घर म्हटलं की सोयरीक मागे फिरते. हिच्या स्वतःच्या लग्नातही तेच झालं होतं, दोन ठिकाणांहून नकार आला आणि तिसऱ्याला बिजवराला दिली. सगळं मला माहीत होतं.

मुलाच्या काकानं उत्तर दिलं, ताई वाईट वाटून घेऊ नका, पण सगळ्या जिनला माहीत आहे, माझे वडील सांगायचे की त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

त्यानंतर मोबाईलच्या वरच्या बाजूला दिसलं की माझा जोडीदार व्हाइस रेकॉर्ड करतोय. तो कधी व्हाइस टाकायचा नाही. मला कळलं तो काय बोलणार. सुनेच्या हातातून मोबाईल घेतला, तिनंच शिकवलेल्या जागी बोट लावलं आणि फक्त ॲडमिन बोलू शकेल असं करून टाकलं. त्याचा व्हाइस त्याच्याच मोबाईलमध्ये अडकला. साठ-सत्तर माणसांचं तोंड एका बोटानं बंद केलं.

आता त्या दिवसाचं सांगतो. चव्वेचाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

आमच्या प्रेसला दोन मोठे लाकडी डबे होते, माणूस उभा मावेल एवढे, एका जाड लोखंडी खांबाला दोन बाजूंनी धरलेले. एका डब्यातली रुई मशीन दाबत असायची, तोवर दुसऱ्या डब्यात रुई भरायची. ती नुसती टाकून भरत नाही. एक माणूस अनवाणी आत उतरतो आणि रुई पायांनी तुडवत तुडवत वर येतो. डबा भरला की तुडवणारा बाहेर उतरतो, चार माणसं जोर लावून दोन्ही डबे खांबाभोवती फिरवतात, भरलेला मशीनखाली जातो आणि रिकामा पुढे येतो. तुडवणारा पुन्हा आत.

आता हे उतरणं आणि चढणं, यात वेळ जातो. त्याच आवारात दुसरा प्रेस होता, त्यांची टोळी नि आमची टोळी यांची रोज चढाओढ. कोणाच्या गाठी जास्त निघतात. हरलेल्या टोळीला दुसरे बांगड्या दाखवायचे. म्हणून आमच्याकडे रीत पडली होती की तुडवणाऱ्यानं उतरायचंच नाही. डब्याच्या काठावर बसायचं, पाय वर घ्यायचे आणि डब्याबरोबर फिरायचं, फिरता फिरता समोरच्या रिकाम्या डब्यात उडी टाकायची. बुऱ्हाणपूरच्या टोळ्या यात मोठा रुबाब समजायच्या. ही रीत माझ्या टोळीत मी पाडली. शेठनं नाही, मी.

त्या दिवशी आम्ही मागे होतो. दुपारनंतर अंगाला रुईचा भुसा चिकटून माणसं भुतासारखी दिसत होती. तुडवणारा डब्याच्या काठावरून म्हणाला, "मुकादम, पाय गळून गेले. या पाळीला थांबवा, उतरतो." मी म्हणालो, उतर, आणि उद्या तुझ्या जागी बायकोला पाठव. सगळी टोळी हसली. तोही हसला. आणि नाही उतरला. पाय वर घेऊन काठावर बसला.

मी म्हणालो, फिरवा. चौघांनी अंग टाकलं. एवढा भरलेला डबा एकदा सुटला की चौघांनाही आवरत नाही. अर्ध्या फेऱ्यात त्याचा पाय घसरला, खाली आला, आणि डब्याचा काठ आणि दाबणाऱ्या मशीनचा बाहेरचा खांब यांच्या मध्ये गुडघा गेला. ऊस चरकात जातो तसा आवाज झाला. डबा थांबला नाही. माझा जोडीदार पुढच्या दांड्याला होता, त्यानं ते समोरासमोर पाहिलं. पांढऱ्या रुईवर रक्त इतकं पसरतं की माणसात एवढं असतं हे खरं वाटत नाही.

डबा उलटा फिरवून पाय काढावा लागला. तेही मीच करायला लावलं. तो आधी ओरडत होता, मग फक्त दात वाजत होते. मी एकाला पिटाळला, मोहाची बाटली आण. दुखणं कळू नये म्हणून मी स्वतः त्याचे दात बोटांनी फाकवून दारू आत ओतली. तो थुंकत होता. मी ओतत होतो. त्यानं माझ्या अंगठ्याला चावा घेतला, हाडापर्यंत.

शेठ धावत आला, विचारलं, हा काठावर का बसला होता, कोणी बसवला. तुडवणाऱ्याच्या तोंडाला वास येत होता. मी म्हणालो, पिऊन आला होता शेठ, ऐकत नव्हता. माझ्या तोंडून ते निघालं आणि टोळीनं माना हलवल्या, कारण माझी टोळी होती. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला. त्याची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, दवाखान्याच्या पायरीवर गोळी चोखत बसली होती.

हे झालं ते असं.

ग्रुप बंद केला त्या संध्याकाळी सून म्हणाली, बाबा, कोणी शिवी दिली नव्हती, घाण टाकली नव्हती, मग बंद का केलं. मी म्हणालो, मेलेल्याचं काढू नये. ती म्हणाली, मग फोटो आला तेव्हाच बंद करायचं होतं, बाईनं प्रश्न विचारल्यावर का केलं. मी समोरचं ताट भिंतीवर फेकलं. वरणाचे ओघळ खाली येत राहिले. तिनं फडकं आणलं आणि भिंत पुसली. ती उलटून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास जोडीदार आला. मी ओट्यावर तोंड धूत होतो. तो पायरी चढला नाही, खालीच उभा राहिला.

"खोल," तो म्हणाला.

"काय खोलू?"

"तुले माहीत आहे काय ते. ग्रुप खोल. माले बोलायचं आहे."

मी त्याला समजावलं. ओटा माझा आहे, बैठक मी बसवतो, मी उठवीन तेव्हा उठेल. तुला बोलायचं तर तुझा वेगळा काढ. तेव्हा तो जे म्हणाला ते मी विसरलो नाही. "ओट्यावरून उठवलं तर मानूस समोरच्या ओट्यावर जाऊन बोलतो. तू तर सगळ्यांच्या तोंडात बोळा कोंबला अन् सोता मोकळा बसला."

मी म्हणालो, चव्वेचाळीस वर्षं तुझ्या तोंडात बोळा कोणी कोंबला होता. हे त्याला लागलं. समोर जिलबीवाल्याची कढई तापत होती, दोन-चार गिऱ्हाईक उभी होती, ती वळली. आणि तो भर रस्त्यावर मोठ्यानं म्हणाला, "त्याचा पाय डब्यानं नाही घेतला. तू घेतला. अन् दारू मेल्यावर पाजली."

मेल्यावर नाही, आधी, पण एवढं बोलायला मी थांबलो नाही. हातात भरलेला तांब्या होता. तो तसाच त्याच्या तोंडावर मारला. पाणी आणि रक्त बरोबर उडालं. तो खाली बसेल असं मला वाटलं होतं. तो वर आला. डबा फिरवणाऱ्या माणसाची पकड असते, ती म्हातारी झाली तरी सुटत नाही. त्यानं माझी मान धरली आणि डोकं चौकटीवर हाणलं, एकदा, आणि पुन्हा. दुसऱ्या वेळी तोंड आदळलं, दात जिभेवर आले. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. दोघे ओट्यावरून गटारीत गेलो. गटारीत मी वर होतो, त्याचं नाक माझ्या मुठीखाली होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कित्येक वर्षांनी हातात काहीतरी खरं आलं होतं. जिलबीवाला गरम झारा घेऊन धावत आला आणि म्हणाला, सुटता की चटका देऊ. तेव्हा सुटलो.

त्याला लोकांनी रिक्षात घातलं. मला सुनेनं ओट्यावर बसवलं, तोंडाला हळद लावली. मी काठी मांडीवर घेऊन बसलो, की परत आला तर.

आली ती मुलगी. चांदनीहून दुपारच्या गाडीनं आली होती. पन्नाशीला टेकलेली बाई, खांद्याला पिशवी, पायात रबरी चप्पल. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे तिनं एकदा पाहिलं. म्हणाली, काका, तुम्ही मुकादम होतात. वडील पिऊन होते का, एवढं सांगा, मी जाते.

मला हो म्हणता आलं नाही. नाही म्हणता आलं नाही. मी म्हणालो, ग्रुप माझा आहे, त्यावर काय चालू ठेवायचं नि काय बंद करायचं ते मी ठरवतो, त्यात कोणी विचारायचं नाही.

तिनं मला थोबाडीत मारली.

बापानंतर मला कोणी थोबाडीत मारली नव्हती. सुजलेल्या बाजूलाच बसली. डोळ्यांपुढे लाल झालं आणि मी काठी उचलली. मारायला उचलली होती, धाक दाखवायला नाही. सुनेनं मधेच हात घातला, काठी तिच्या मनगटावर बसली, बांगड्या फुटल्या आणि काच आत घुसली. ती काठी सोडेना. रक्त कोपरापर्यंत ओघळलं तरी सोडेना.

चांदनीहून आलेली ती जागची हलली नाही. तिनं पिशवीतून मोबाईल काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. मुलाच्या काकानं ग्रुपवरच्या बोलण्याचा फोटो काढून मुलाच्या बापाला पाठवला होता, बापानं तो हिला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, आम्हाला विचार करावा लागेल.

"बघा नीट," ती म्हणाली. "मी विचारलं. त्यांनी लिहिलं, वास येत होता. आणि त्याच्याखाली तुमचं कुलूप. आता कोणीही उघडून बघितलं की शेवटचं वाक्य तेच. माझ्या बापाची दारू. तुम्ही काही बोलला नाहीत असं तुम्हाला वाटतं. शेवटचं वाक्य तुम्हीच निवडलं."

ती ओट्यावर बसून राहिली. पाणीसुद्धा मागितलं नाही. सून आत जाऊन हाताला चिंधी बांधून आली आणि तिच्याजवळ बसली. दोघींपैकी कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी आत गेलो. भिंतीला डोकं टेकून बसलो. त्या शेठच्या पुढेही मी असंच केलं होतं. मी एक वाक्य बोललो आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली, मग तेच वाक्य चव्वेचाळीस वर्षं राहिलं. तेव्हा मोबाईल नव्हता, तरी कुलूप माझ्याच हातात होतं.

दिवे लागायच्या वेळेला मी बाहेर आलो आणि सुनेला म्हणालो, उघड. तिनं एका हातानं उघडला. मला लिहिता येत नाही पटकन, आणि तोंड सुजलेलं, शब्द नीट निघत नव्हते. तिनं मोबाईल धरला आणि मी बोललो. काठावर बसायची रीत माझी. तो उतरतो म्हणाला, मी बायकोवरून टोमणा मारला. दारू अपघातानंतर मी ओतली. शेठला खोटं मी सांगितलं. सगळं एका दमात. शेवटी म्हणालो, "तो त्या दिवशी पिऊन नव्हता. त्याला कधी प्यायलेला मी पाहिला नाही."

तुडवणाऱ्याची पोरगी पदर तोंडाशी धरून ऐकत होती. रडली नाही. म्हणाली, अजून एकदा लावा. सुनेनं लावलं. तिनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग उठून गेली, शेवटच्या गाडीची वेळ झाली होती.

मग ग्रुप फुटला. मला वाटलं होतं लोक त्याच्याबद्दल बोलतील. ते माझ्याबद्दल बोलले. एकानं लिहिलं, याला त्याच डब्याला बांधून फिरवायला पाहिजे होतं. एकानं लिहिलं, माझ्या कानाखाली मारली होती याने, सहासष्ट वर्षांचा झालो, तो कान अजून ऐकत नाही. एकाच्या बायकोनं लिहिलं, नवरा घरी येऊन रक्त थुंकायचा आणि दाराला धडकलो म्हणून सांगायचा, कोणत्या दाराला ते आज कळलं. आईवरून, बहिणीवरून शिव्या आल्या. सून वाचत होती आणि मधले शब्द गाळत होती. मी म्हणालो, गाळू नको, पूर्ण वाच. तिनं वाचलं. बाईमाणसाच्या तोंडून त्या शिव्या ऐकणं गटारीतल्या मारापेक्षा जड गेलं.

अर्ध्या तासानं ती म्हणाली, बाबा, बंद करू का आता. आता मात्र खरंच घाण चालली आहे.

मी म्हणालो, हात लावू नको.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझं मत सांगतो, कोणाला पटो न पटो. मुकादम लागतो. मुकादमाशिवाय डबा फिरत नाही, हे मी अजूनही म्हणतो. बोलणं कधीतरी थांबवावंही लागतं, नाहीतर माणसं एकमेकांना फाडून खातील. पण ज्या बोलण्यात मुकादमाचंच नाव येणार आहे, ते थांबवायचा हक्क मुकादमाला नाही. तिथं त्यानं हात बांधून उभं राहावं आणि खावा मार. कुलूप दुसऱ्याकडे द्यावं. आणि ज्याच्या माणसाबद्दल बोलणं चाललंय त्याला उत्तर दिल्याशिवाय तर कोणीच कुलूप लावू नये, मग तो कोणीही असो. सून म्हणते की हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं दोन-तीन ॲडमिन ठेवा एवढंच सांगितलं होतं. बाकीचं माझं मी शिकलो, दोन दात देऊन.

त्याच बैठकीत मी त्या मुलीला ॲडमिन करायला लावलं, आणि जोडीदारालाही. जोडीदारानं त्याचा कालचा अडकलेला व्हाइस टाकला. त्यातही तेच होतं, फक्त शेवटी तो रडत होता आणि म्हणत होता, मी पुढच्या दांड्याला होतो, मी पाहत होतो, मी पण माना हलवणाऱ्यात होतो. त्याच्यावर कोणी शिवी टाकली नाही. मग त्यानं मला लिहिलं, म्हणजे सगळ्यांसमोरच लिहिलं, की नाक मोडलेलं नाही, डॉक्टर म्हणतो सूज आहे.

तेवढ्यात सुनेला दिसलं की मुलाचा काका ग्रुप सोडून गेला. माझा व्हाइस त्यानं ऐकला की नाही कोणास ठाऊक, ऐकला तरी तो भावाला पाठवेल याचा भरवसा नव्हता. स्वतःच्या बापाला खोटं पाडणारी गोष्ट कोण पुढे पाठवतो. मी तर चांगला ओळखतो ही जात. म्हणजे नेपानगरात अजून ग्रुपवरच्या बोलण्याचा तोच फोटो होता, आणि त्यातलं शेवटचं वाक्य.

सून म्हणाली, मी व्हाइस पाठवते मुलाच्या वडिलांना, नंबर मिळवते. मी म्हणालो, नको. मोबाईलवर आलेलं माणूस बंद करून खिशात टाकतो.

सकाळी उठलो. आरशात डावा डोळा दिसत नव्हता एवढा गाल वर आला होता. बायको म्हणाली, असं तोंड घेऊन सोयऱ्यांच्या दारात जाता का. मी धुतलेलं धोतर नेसलो, सुनेच्या चिंधी बांधलेल्या हातचा चहा कसाबसा गिळला आणि सकाळच्या गाडीनं नेपानगरला उतरलो. पत्ता विचारत विचारत क्वार्टर सापडलं. मुलाचा बाप दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन दारात आला. माझं तोंड पाहून तो एक पाऊल मागे सरकला. कोण, काय झालं, कोणी मारलं, असं विचारू लागला. त्याच्या बायकोनं तांब्या-पेला पुढे केला. मी म्हणालो, पाणी नंतर घेईन, आधी घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलवा, मुलालाही. ज्या माणसाच्या नातीला तुम्ही नाही म्हणताय, त्याला मी मारलंय. ते कसं, ते उभ्यानं सांगतो.

त्यानं टॉवेलनं गाल पुसला, आतल्या खोलीकडे वळून मुलाला हाक मारली. मुलगा आला, त्याची आई चौकटीला टेकून उभी राहिली, आणि मी फिरत्या डब्यापासून सांगायला सुरुवात केली.